अनामिक निषेध आणि उत्तरदायित्व : दोन ग्रंथांच्या अनुषंगाने एक चिकित्सा

१

राजकीय कृतीची परीक्षा करताना तीन प्रश्न परंपरेने विचारले जातात : कृती कोणी केली, कशासाठी केली, आणि तिचे उत्तर कोण देणार. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळूच नये अशी योजना करून केलेला निषेध हा गेल्या तीन-चार दशकांतील राजकारणाचा एक लक्षणीय विशेष होय. संगणकांच्या जाळ्यात शिरून किंवा ते जाळे काही काळ रोखून धरून राजकीय मत प्रकट करण्याच्या या प्रकाराला ‘हॅक्टिव्हिझम’ हे नाव १९९६ च्या सुमारास ‘कल्ट ऑफ द डेड काउ’ या अमेरिकन हॅकरांच्या मंडळात पडले. नाव त्या काळचे असले तरी कृती त्याहून जुनी आहे. ‘गॅलिलिओ’ हे यान विजेसाठी प्लुटोनियम घेऊन जाणार म्हणून त्याच्या उड्डाणास विरोध होत होता. त्याच वेळी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, ‘नासा’च्या संगणकांवर अण्वस्त्रविरोधी घोषणा झळकविणारा आणि आपोआप पसरत जाणारा एक आज्ञासंच सोडण्यात आला होता. यानाचे उड्डाण झालेच. घोषणेचा कर्ता मात्र पुढे आला नाही.

या निषेधाची साधने मुख्यतः दोन आहेत. पहिले अवरोधाचे : एखाद्या सर्व्हरकडे एकाच वेळी इतक्या मागण्या पाठवावयाच्या की, खऱ्या ग्राहकाला उत्तर देणे त्याला अशक्य व्हावे. दुसरे प्रकटीकरणाचे : बंद दाराआड ठेवलेली कागदपत्रे व पत्रव्यवहार मिळवून ती जगापुढे मांडावयाची. दोहोंचाही कायद्याने अपराधात समावेश होतो, आणि दोहोंनाही त्यांचे कर्ते लोकहिताचे कृत्य मानतात.

या विषयाची गंभीर चर्चा करणारे दोन ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध झाले. गॅब्रिएला कोलमन या मानवशास्त्रज्ञ विदुषीचा ‘हॅकर, होक्सर, व्हिसलब्लोअर, स्पाय’ हा पहिला आणि मॉली सॉटर यांचा ‘द कमिंग स्वॉर्म’ हा दुसरा. पहिल्याने या चळवळीचा अर्थ लोककथेच्या साहाय्याने लावला आहे, दुसऱ्याने सविनय कायदेभंगाच्या इतिहासाच्या साहाय्याने. दोन्ही ग्रंथ अभ्यासपूर्ण आहेत. तथापि दोहोंच्या उपपत्तींत एकच उणीव निरनिराळ्या वाटांनी शिरली आहे, असे बारकाईने वाचता दिसून येते. अनामिकतेमुळे निषेधाला आवाज मिळतो हे दोन्ही ग्रंथ उत्तम रीतीने दाखवितात. त्या आवाजाला अधिकार कोठून मिळतो, या प्रश्नाची तड मात्र दोहोंतही पुरेशी लागत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार केला आहे.

२

कोलमन यांच्या ग्रंथाचा विषय ‘ॲनॉनिमस’ या नावाने ओळखला जाणारा समूह हा आहे. ‘समूह’ हा शब्दही येथे जपूनच वापरावयास हवा. कारण त्याला घटना नाही, सभासदत्व नाही आणि प्रवक्ताही नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘फोरचॅन’ या स्थळावर नाव न देता लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मजकुरावर ‘ॲनॉनिमस’ ही एकच मुद्रा उमटत असे. त्या यांत्रिक योगायोगातून या सामूहिक नावाचा जन्म झाला. आरंभी त्याचा उपयोग थट्टेसाठी, आणि बरेचदा क्रूर थट्टेसाठी, होत असे. जानेवारी २००८ मध्ये ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी’ या पंथाने आपली एक चित्रफीत इंटरनेटवरून काढून टाकण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्या थट्टेला प्रथम राजकीय वळण मिळाले. २१ जानेवारी २००८ रोजी या नावाने पंथाला उद्देशून एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. यंत्राच्या आवाजात, ‘आम्ही’ या सर्वनामाने बोलणारी ही घोषणा, आणि तिच्या मागोमाग १० फेब्रुवारी २००८ रोजी जगातील अनेक शहरांत मुखवटे घालून रस्त्यावर आलेले हजारो तरुण, ही या चळवळीची खरी सुरुवात होय.

या घटनांचे कोलमन यांनी केलेले वाचन मोठे मार्मिक आहे. लोककथांतून सर्वत्र आढळणारा जो खोडकर, नियमभंजक पुरुष — स्कँडिनेव्हियन पुराणांतील लोकी किंवा अमेरिकेतील आदिवासींच्या कथांतील कायोटी — त्याचाच हा नवा अवतार, असे त्या सुचवितात. तो नीतिमानही नव्हे आणि दुष्टही नव्हे. त्याच्या खोड्यांमुळे समाजातील ढोंग उघडे पडते. या समूहात स्वतःचे नाव मिरविणाऱ्याला हिणविले जाते, कीर्तीची हाव हा दोष मानला जातो, हे त्यांचे निरीक्षणही महत्त्वाचे आहे. व्यक्तिपूजेने बजबजलेल्या युगात कीर्ती नाकारणारी चळवळ निर्माण व्हावी, यात खचितच काही मोल आहे.

परंतु या रूपकाला एक मर्यादा आहे. लोककथेतील खोडकर पुरुषाला नाव असते. मराठी वाचकाला कळलावा नारद परिचित आहे. त्याने लावलेली कळ कोणी लावली याविषयी कथेतल्या कोणाच्याही मनात संशय राहत नाही. नारद, लोकी किंवा कायोटी यांच्याकडे बोट दाखविता येते, त्यांना शाप देता येतो, शिक्षा करता येते, आणि कथेचा नैतिक तोल त्यामुळेच सांभाळला जातो. ज्याच्याकडे बोटच दाखविता येत नाही असा खोडकर पुरुष लोककथेला ठाऊक नाही. दुसरे असे की, लोककथेतील खोडीने खरा मनुष्य उद्ध्वस्त होत नाही. संगणकाच्या जाळ्यात मात्र चुकीच्या माणसाचे नाव जाहीर झाले तर त्याची नोकरी, घर आणि क्वचित प्राणही धोक्यात येतात. सारांश, रूपकाने या चळवळीचे आकर्षण उलगडते, परंतु तिचे मूल्यमापन होत नाही. ग्रंथात वर्णनाची सहानुभूती अधूनमधून समर्थनाची जागा घेते, त्याचे कारण हेच असावे.

३

सॉटर यांच्या ग्रंथाची मांडणी अधिक काटेकोर आहे. त्यांचा मूळ मुद्दा असा : रस्त्यावर, चौकात, मैदानात निषेध करण्याचा नागरिकाचा हक्क लोकशाही राष्ट्रे मान्य करतात, परंतु इंटरनेटवर असा सार्वजनिक चौकच नाही. तेथील प्रत्येक जागा कोणाच्या तरी खासगी मालकीची आहे. मग ज्याचे आर्थिक व सार्वजनिक जीवन तेथेच चालते अशा माणसाने धरणे धरावयाचे तरी कोठे? या दृष्टीने पाहता, एखादे संकेतस्थळ काही काळ रोखणे म्हणजे कार्यालयाच्या दारात बसकण मारणे होय आणि त्याची गणना कायदेभंगाच्या परंपरेत व्हावयास हवी.

या मताला इतिहासाचा आधार आहे. २२ डिसेंबर १९९७ रोजी मेक्सिकोतील चियापास प्रांतात आक्तेआल या गावी ४५ आदिवासींची हत्या झाली. तिच्या निषेधार्थ ‘इलेक्ट्रॉनिक डिस्टर्बन्स थिएटर’ या चार जणांच्या मंडळाने १९९८ मध्ये ‘फ्लडनेट’ नावाचे साधन तयार केले आणि मेक्सिकन सरकारच्या स्थळांवर लोकांना सामूहिक ‘धरणे’ धरावयास बोलाविले. या मंडळातील चौघेही आपल्या खऱ्या नावांनी वावरत होते, आणि कृतीची वेळ ते आधी जाहीर करीत. तीन वर्षांनी, २० जून २००१ रोजी, जर्मनीत असाच प्रयोग झाला. आश्रय नाकारलेल्या परदेशीयांना लुफ्तान्सा कंपनीच्या विमानांतून सक्तीने परत पाठविले जात असे. त्याविरुद्ध कंपनीच्या भागधारकांच्या सभेच्या दिवशी तिचे संकेतस्थळ रोखण्याचे जाहीर आवाहन करण्यात आले आणि हजारो लोक त्यात सहभागी झाले. आवाहन करणारे स्थळ ज्याच्या नावे नोंदलेले होते, त्या कार्यकर्त्याला फ्रँकफुर्टच्या कनिष्ठ न्यायालयाने २००५ मध्ये दोषी ठरविले. परंतु २००६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ही कृती म्हणजे बळजबरी नसून लोकमतावर प्रभाव पाडण्याचा प्रयत्न होय, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या दोन्ही उदाहरणांत कृतीमागे नाव होते, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. जर्मनीतील न्यायालयाला निषेधाच्या या प्रकाराविषयी अनुकूल निर्णय देता आला, कारण त्याच्यापुढे एक नाव असलेला मनुष्य उभा होता. अनामिकाला शिक्षा होत नाही हे खरे. परंतु त्याची निर्दोष मुक्तताही होऊ शकत नाही आणि म्हणून त्याच्या कृतीतून कायद्यात कोणतीही नवी सवलत निर्माण होत नाही.

डिसेंबर २०१० मधील ‘ऑपरेशन पेबॅक’ या मोहिमेत चित्र पालटते. ‘विकिलीक्स’ने अमेरिकेचा राजनैतिक पत्रव्यवहार प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केल्यावर पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसा या कंपन्यांनी त्या संस्थेकडे जाणाऱ्या देणग्या अडविल्या. त्याविरुद्ध ‘ॲनॉनिमस’ने अवरोधाचे अस्त्र उपसले. हजारो सामान्य लोकांनी एक सहज मिळणारे साधन आपल्या संगणकावर उतरवून घेतले. ते साधन वापरणाऱ्याचा पत्ता मुळीच लपवीत नाही, हे त्यांतील पुष्कळांच्या ध्यानी आले नव्हते. शिवाय कोलमन यांच्या ग्रंथातूनच असे दिसते की, स्थळे प्रत्यक्षात बंद पाडण्याचे मुख्य काम या लोकांनी केलेच नाही. ते मूठभर व्यक्तींच्या हाती असलेल्या ‘बॉटनेट’ने, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या फौजेने केले. धरण्याची तुलना येथे कोसळते. धरण्याचे नैतिक बळ प्रत्येक जण आपल्या इच्छेने, आपले शरीर घेऊन तेथे बसला आहे, या वस्तुस्थितीत असते. ज्या गर्दीतील बहुसंख्य ‘माणसे’ आपण गर्दीत आहोत हेच जाणत नाहीत, ती गर्दी नव्हे. तो गर्दीचा आभास होय. ‘आम्ही’ हे सर्वनाम जितके मोठे, तितके त्यामागचे संख्याबळ तपासण्याची गरज अधिक. सॉटर यांना हा दोष दिसला नाही असे नाही; परंतु त्यांच्या उपपत्तीला त्याने जेवढा धक्का बसावयास हवा, तेवढा त्यांनी बसू दिलेला नाही.

४

येथे एक आक्षेप उपस्थित होईल. अनामिक लेखनाची परंपरा संगणकापेक्षा फार जुनी आहे, आणि तिने स्वातंत्र्याची मोठी सेवा केली आहे. मग आजच्या अनामिकालाच नाव विचारण्याचे प्रयोजन काय?

या आक्षेपाचे उत्तर मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात सापडते. ‘केसरी’तील अग्रलेखांवर लेखकाची सही नसे. १५ जून १८९७ च्या अंकात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली तीही टोपणनावाने. परंतु १८६७ च्या कायद्याप्रमाणे अंकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापावे लागे, आणि त्या नावाचा मनुष्य मजकुराबद्दल जबाब देण्यास बांधलेला असे. १८९७ च्या खटल्यात लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये सही नसलेल्या अग्रलेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेस जावे लागले. अर्थात उगम अनामिक असला तरी उत्तरदायित्व अनामिक नव्हते. लेखकाला आडोसा मिळत होता. पण तो आडोसा म्हणजे दुसऱ्या एका माणसाची उघडी छाती होती.

हा भेद आजच्या प्रश्नालाही लागू पडतो. ‘विकिलीक्स’ला माहिती देणाऱ्यांची नावे गुप्त राहावीत अशी योजना होती, परंतु प्रसिद्धीची जबाबदारी ज्युलियन असांज या नाव असलेल्या संपादकावर होती, आणि तिची किंमत त्याने २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षांहून अधिक काळ लंडनच्या तुरुंगात मोजली. त्याच्या सर्वच निर्णयांशी सहमत होण्याचे कारण नाही. उलट, त्याच्याशी असहमत होता येते, त्याला जाब विचारता येतो, हाच येथील मुद्दा आहे. अनामिक उगम आणि अनामिक अधिकार या दोन वस्तू भिन्न होत. पहिली लोकशाहीला पोषक आहे. दुसरीत लोकशाही ज्या दोषाविरुद्ध लढते तोच दोष शिरलेला असतो : जाब न देणारी सत्ता.

परंतु हा विचार येथेच थांबविला तर तो एकांगी होईल. मुखवटा उतरवा असे सांगणाऱ्या राज्याने मुखवटा न घालणाऱ्यांना कसे वागविले, हेही पाहिले पाहिजे. थोरोने कर नाकारला तेव्हा त्याला एक रात्र कोठडीत काढावी लागली. पेपालविरुद्धच्या अवरोधात भाग घेतल्याबद्दल अमेरिकेत २०११ मध्ये चौदा जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यांतील मुख्य कलमाखाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने ज्ञान सर्वांना खुले असावे असा जाहीरनामा २००८ मध्ये आपल्या नावानिशी प्रसिद्ध केला होता. पुढे संशोधनपर लेख मोठ्या संख्येने उतरवून घेतल्याबद्दल त्याच्यावर तेरा आरोप ठेवण्यात आले, आणि खटला प्रलंबित असतानाच, ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. कायदेभंग करणाऱ्याने शिक्षा पत्करावी हे तत्त्व शिक्षा अपराधाच्या मानाने असेल तेव्हाच न्याय्य ठरते. अशा परिस्थितीत तरुणांनी मुखवट्याआड जावे यात केवळ भ्याडपणा पाहणे अन्यायाचे होईल. हा सॉटर यांच्या विवेचनातील सर्वांत सबळ भाग असून त्याचा प्रतिवाद सहजासहजी होण्यासारखा नाही.

५

तरीही मुखवट्याचे परिणाम मुखवटा घालणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून राहत नाहीत. हे तीन घटनांवरून स्पष्ट होईल.

पहिली फर्ग्युसन येथील. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील या गावी मायकेल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. गोळी झाडणाऱ्याचे नाव पोलीस खाते सांगेना. ‘ॲनॉनिमस’च्या नावाने चालणाऱ्या एका खात्यावरून ते नाव जाहीर करण्यात आले, आणि ते चुकीचे निघाले. सत्तेने नाव लपविले हा तिचा दोष खराच. पण अनामिकाने चुकीचे नाव उघड केले, तेव्हा ज्याचे नाव गोवले गेले त्याने दाद कोणाकडे मागावयाची? वृत्तपत्राला दिलगिरी छापावी लागते. मुखवट्याला तसे कोणतेच बंधन नसते.

दुसरी घटना समूहाच्या आतील आहे. ‘साबू’ या टोपणनावाने वावरणारा त्यातील एक प्रमुख हॅकर जून २०११ मध्ये पकडला गेला आणि लगेचच अमेरिकन तपासयंत्रणेचा खबऱ्या बनला. मार्च २०१२ पर्यंत, म्हणजे सुमारे नऊ महिने, त्याचे सहकारी त्याच मुखवट्याशी विश्वासाने बोलत राहिले. मुखवट्याआडचा मनुष्य बदलला नव्हता, पण त्याचा धनी बदलला होता, आणि ते ओळखण्याचे कोणतेही साधन समूहाजवळ नव्हते. याच काळात जेरेमी हॅमंड याने ‘स्ट्रॅटफॉर’ या खासगी हेर-कंपनीची कागदपत्रे मिळविली. त्याला नोव्हेंबर २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. साबूला मे २०१४ मध्ये आधीच भोगलेल्या सात महिन्यांवर सोडण्यात आले. शिक्षेपूर्वी हॅमंडने न्यायालयात उभे राहून आपले निवेदन वाचले, कृतीची जबाबदारी स्वीकारली आणि ती अन्यायाविरुद्धची प्रत्यक्ष कृती होती असे सांगितले. त्या कृतीला पूर्ण राजकीय अर्थ आला तो तेथे. चळवळीतील एक मनुष्य स्वतःच्या नावाने बोलू लागला तेव्हा.

तिसरी घटना अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात मुखवटा राज्यसंस्थेने चढविला. जून २०१६ मध्ये ‘गुसिफर २.०’ या नावाचा कोणी एक हॅकर प्रकट झाला. आपण एकटे, स्वतंत्र बंडखोर असल्याचे सांगून त्याने अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाची कागदपत्रे पसरविली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या आरोपपत्रात रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या बारा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवण्यात आले, आणि हा बंडखोर त्या खात्याचीच निर्मिती असल्याचे त्यात म्हटले होते. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा तर युक्रेनच्या एका मंत्र्याने जगभरच्या हॅकरांना उघड पाचारण केले, आणि रशियाच्या बाजूनेही अशाच टोळ्या उभ्या राहिल्या. पीडिताच्या बाजूने कोण आणि आक्रमकाच्या बाजूने कोण हा विवेक येथे अवश्य केला पाहिजे. परंतु ज्या मुखवट्याचा जन्म सत्तेला जाब विचारण्यासाठी झाला, तो आता सत्तांच्याही शस्त्रागारात जाऊन बसला आहे, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. ‘हा आमचा नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नसल्यामुळे अनामिक चळवळ स्वतःच्या नावाचेही रक्षण करू शकत नाही. हे दोन्ही ग्रंथ या घटनांच्या आधीचे आहेत, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. परंतु त्यांच्या उपपत्ती आज वाचताना ही भर घालूनच वाचावयास हव्यात.

६

या चळवळीचा भारताशी आलेला संबंध थोडा असला तरी बोधप्रद आहे. ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत ‘मिलवर्म’ या नावाने एकत्र आलेले निरनिराळ्या देशांतील काही किशोरवयीन हॅकर मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरले, त्यांनी काही पत्रव्यवहार उचलला आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अण्वस्त्रविरोधी मजकूर लावला. जगभर बातमी झाली. परंतु चर्चा झाली ती केंद्राच्या सुरक्षेची, अण्वस्त्रांची नव्हे. त्याच सुमारास भारतातील अनेक शास्त्रज्ञांनी आपापल्या सह्यांनिशी चाचण्यांविरुद्ध निवेदने काढली. त्यांचा गाजावाजा थोडा झाला. पण त्यांच्याशी वाद घालावा लागला, कारण ते दूर सारता न येणारे, येथेच राहणारे, उत्तर देणारे लोक होते.

२०१२ मधील घटनांत हाच भेद अधिक रेखीवपणे दिसतो. एका तमिळ चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने अज्ञात व्यक्तींविरुद्ध आदेश दिला होता. त्याचा आधार घेऊन सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी मे २०१२ मध्ये अनेक संकेतस्थळे सरसकट बंद केली. अज्ञात प्रतिवादींविरुद्धचा आदेश आणि त्याला अज्ञात निषेधकांचे उत्तर, असा हा विलक्षण सामना होता. ‘ॲनॉनिमस’च्या नावाने सर्वोच्च न्यायालयासह काही स्थळे रोखली गेली, आणि ९ जून २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर व इतर शहरांत मुखवटे घातलेले तरुण जमले. लोकांचे लक्ष या प्रश्नाकडे वळले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तथापि सरसकट बंदी उठण्याची वाट मोकळी झाली ती त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आदेशाचा खुलासा करून तो विशिष्ट पृष्ठांपुरता मर्यादित केल्यामुळे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल एका तरुणीला, आणि त्यांना पसंती दर्शविल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला, पालघर येथे अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यांना लावण्यात आले. दोघींनी मुखवटा घातला नव्हता, आणि नाव देऊन बोलण्याची किंमत त्यांना मोजावी लागली; नाव लपवावेसे का वाटते याचे याहून स्पष्ट उत्तर शोधावयास नको. परंतु कथा तेथे संपली नाही. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने आपल्या नावाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरून रद्द झाले. स्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ मात्र त्याच निर्णयात कायम राहिले, म्हणजे मूळ गाऱ्हाणे पूर्णपणे मिटले असे नव्हे. तरीही जो पालट झाला तो एका नावाच्या आधारावर झाला. आज कायद्याचे विद्यार्थी त्या निर्णयाचा निर्देश त्याच नावाने करतात.

७

यावरून अनामिक निषेध निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ट्युनिशियात जानेवारी २०११ मध्ये सरकार नागरिकांचे परवलीचे शब्द चोरीत होते. तेव्हा ‘ॲनॉनिमस’ने सरकारी स्थळे रोखली आणि त्या चोरीपासून बचाव करण्याचे साधनही नागरिकांना पुरविले. ज्या देशात नाव सांगणे म्हणजे तुरुंग, तेथे अनामिकता हा आश्रय आहे. परंतु १४ जानेवारीला बेन अलीला देश सोडावा लागला तो सिदी बूझिदपासून राजधानीपर्यंत रस्त्यावर उतरलेल्या, चेहरा न झाकलेल्या लोकांमुळे आणि कामगार संघटनेच्या संपांमुळे. अनामिकांनी त्यांची सोबत केली. त्यांची जागा घेतली नाही. बहुधा हेच या शक्तीचे योग्य स्थान होय.

सरकारी कचेऱ्यांत निनावी अर्ज दप्तरी दाखल करून टाकण्याचा प्रघात जुना आहे, आणि त्या प्रघाताआड पुष्कळ खऱ्या तक्रारी दडपल्या गेल्या आहेत. निनावी अर्ज वाचला पाहिजे. त्यात सांगितलेल्या वस्तुस्थितीचा शोध घेतला पाहिजे. मात्र केवळ त्याच्या आधारे कोणाला दोषी ठरविता येत नाही, आणि त्यातील मागणी ही लोकांची मागणी आहे असेही मानता येत नाही. ते होण्यासाठी कोणीतरी पुढे येऊन सही करावी लागते. कोलमन यांनी अनामिकाचे हास्य ऐकविले आणि सॉटर यांनी त्याची बाजू न्यायासनापुढे मांडली. सहीचा प्रश्न दोघींच्याही विवेचनानंतर शिल्लक उरतो, आणि तो केवळ निषेधकांपुढे नाही. सही करणाराला निर्भयपणे उभे राहता येईल असा कायदा ज्या समाजात नाही, त्या समाजाला मुखवट्याविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार फारच थोडा आहे.